नव्या बोटीची ओटी

चंद्रकलाअक्का,

पत्राच्या वर 'प्रिय' लिव्हायचं असतंय म्हणं. मी पेन टेकवून बघितलं, न्हाई उमटलं. तू मला प्रिय न्हाईस, कधी नव्हतीस. सवत कुणाला प्रिय असती? त्यात मेलेली सवत तं लईच वाईट. जित्या सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतेत.

तरी लिव्हायला बसले. काल दसऱ्याला नवी बोट पाण्यात उतरली. तिथं जे झालं ते सगळ्या गावानं बघितलं, पण त्यातलं निम्मं मला आन् तुलाच कळणार. मंग सांगू कुणाला? मालकाला? ते कालपासून माझ्याकडं नीट बघंनात. म्हणून तुला.

अक्षर वाकडं आसंल. माझी शाळा तिसरीत सुटली. मंगल अभ्यासाला बसायची तवा तिच्याशेजारी बसून जोडाक्षरं शिकले. तुझ्या लेकीनं शिकवलेली अक्षरं तुझ्याशीच भांडायला वापरायले. काय करतीस, बोल!

तू मला कधी बघितलं न्हाईस, पण मी तुला रोज बघते. लग्नात मंगळसूत्राबरोबर तुझा टाक माझ्या गळ्यात बांधला. रुपयाएवढा चांदीचा तुकडा, त्यावर बाईचं तोंड. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला गळ्यात घालून फिरायचं, म्हंजे पहिली कोपत न्हाई, अशी रीत. दुसरी कोपली तं काय करायचं, ह्याची कुठं रीत न्हाई. भाकरी थापायला वाकले की तू पुढं लोंबतीस आन् परातीवर टण्णकन आपटतीस. बघतीस डोळे वटारून, भाकरी गोल झाली का न्हाई!

आन् सोनारानं तुझं नाक केवढं काढलंय गं! मी एकदा सासूबाईला इचारलं बी, "आत्याबाई, खरंच एवढं होतं का वो नाक?" तं म्हणाल्या, "न्हाई बाई. तिचं नाक चाफेकळी. सोनारालाच कमी दिसत होतं." म्हंजे तिथं बी माझं नुकसान. मला वाटायचं, नाकात तरी मी वरचढ हाय.

तुझं माहेर घाटनांदूर, माझं नांदूरघाट. सोयरीक जमवताना माझा मामा हसून म्हणला होता, "गाव तेच हाय पाव्हणं, नुसतं उलटं करून घ्या." मी बी ह्या घरात तशीच आले. गोधडी उलटी करून घालतेत तशी.

तू कशी गेलीस ते मला आल्या आल्या सांगितलं होतं. धरणाचं पाणी तवा नवं नवं चढलं होतं. आपली काळी रानं त्याच्या पोटात गेली, बाजाराच्या गावाची वाट बी गेली. गाव एका अंगाला, दवाखाना दुसऱ्या अंगाला, मधी पाणीच पाणी. श्रावणात रानात तुला पान लागलं, साप डसला. बोट कुठली त्या टायमाला? गूळ करायची मोठी काहील पाण्यात लोटली, तुला तीत निजवलं आन् मालक नि धाकले दीर दोन्ही अंगानं काहिलीची कड धरून पोहत निघाले. पैलतीर लागंपर्यंत तू नव्हतीस. मंगल तवा रांगत होती.

आता अशा मेलेल्या बाईवर जळायचं म्हणल्यावर कुणाचं तोंड काळं? माझंच की! बाया म्हणत्या, "लई गुणाची होती बिचारी." मी बी मान हलवते. आतून जळते. तू भांडकुदळ असतीस, आळशी असतीस, घर टाकून गेली असतीस, तं मला किती बरं झालं असतं! तू मधीच मेलीस. तुझ्यावर काय आळ घ्यावा माणसानं?

तू गेल्यावर मालकानं उरलंसुरलं रान धाकल्या भावाच्या हवाली केलं आन् होडी बांधायला घेतली. त्यांना पाण्याचं कायबी ठाव नव्हतं. कुणबी माणूस, औत हाणणारा. गोदाकाठचा एक म्हातारा भोई बोलावला, त्याच्या हाताखाली शिकले. मी आले तवा होडी होत आली होती. भोईबाबा ओट्यावर चहा पीत सांगायचा, "होडी म्हंजे बाईमाणूस हाय. माणसाला पोटात घिऊन चालती आन् पैलतीराला मोकळी होती. तिच्यात पायताण घालून चढायचं न्हाई. तिच्यासमोर शिवी द्यायची न्हाई. पाण्यात घालायच्या आधी घरच्या सवाष्णीनं तिची ओटी भरायची आन् बारशाला सांगतेत तसं तिच्या नाकापाशी तोंड नेऊन नाव सांगायचं. मगच पाणी तिला आपली म्हणतं."

त्या होडीची ओटी कुणी भरली, ठाव हाय? मीच भरली. अंगाची हळद उतरली नव्हती माझी. "नाव काय सांगू?" म्हणून मी इचारलं, तं मालक खाली बघून म्हणले, "चंद्रकला." नवी नवरी मी, "बरं" म्हणले. माझ्याच तोंडानं सवतीला हाक मारून घरात घेतलं की गं!

तवापासून ह्या काठावर दिवसभर तूच.

"चंद्रकला आली का?"

"न्हाई, पैलतीराला हाय."

"चंद्रकला भरली बरं का, आता चढू नगा."

"लई शहाणी हो चंद्रकला, वारं सुटलं तरी डुलत न्हाई."

मास्तर तेच म्हणतेत, पोस्टमन बी तेच, दिवाळीनंतर ऊस तोडायला निघालेल्या बाया बी लेकरं कडंवर घिऊन तेच म्हणतेत, "चंद्रकला, संभाळून ने गं बाई." मी काठावर धुणं आपटत ऐकायची. धुणं लई स्वच्छ निघायचं माझं, रागानं आपटलेलं.

आन् मालक! उन्हाळ्यात पाणी हटलं की तिला काठावर पालथी घालायचे. एकेक फट बोटानं चाचपायचे, सूत भरायचे, डांबर लावायचे. "थकली बिचारी," म्हणायचे. इकडं माझ्या टाचांना भेगा पडून रगत यायचं. मी एकदा म्हणले, "उरलेलं डांबर माझ्या टाचांना तरी लावा." तं खरंच वाटीत घिऊन आले की गं! असला माणूस. आता ह्याला मारावं का ह्याच्यापुढं रडावं, तूच सांग. तू बी संसार केलास ह्याच्यासंग.

माझं नाव काय हाय, अक्का? तुला ठाव न्हाई. गावाला बी न्हाई. आल्या दिवसापासून मी मंगलची आई, होडीवाल्याची बायको, वैनी, काकू. मालकाची हाक म्हंजे "आगं". लईच तातडी असली तं "आगं ए". नवऱ्यानं बायकोचं नाव घेऊ न्हाई, बायकोनं नवऱ्याचं, ही रीत मला कुणी शिकवायला नगं. पण मंग तुझं कसं चालतं? "चंद्रकलेला सोड. चंद्रकलेला बांध. चंद्रकलेला सावलीत घे." मेल्यावर रीत सुटती व्हय?

औंदा होडीचं बूड गेलं. फळी बदलावी तं शेजारची फळी सुटायची. मंग मालक कुठं लांब पुण्याच्या अंगाला जाऊन फायबरची बोट घिऊन आले. इंजनाची! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून निळी पांढरी बोट आली तवा गाव लोटलं. सगळंच नवं यायलंय आजकाल. बाजारात पिवळ्या पेटीत टेलिफोन आलाय. सरपंचाच्या माडीवर आभाळाकडं तोंड करून ताटली बसलीय, तिच्यातून म्हणं परदेशातल्या बाया दिसतेत. मला वाटलं, एवढं सगळं नवं यायलंय तं बोटीला नाव बी नवं येऊ दे की एखांदं.

मालक दोर वळत बसलते. मी म्हणले, "ह्या बोटीला माझं नाव द्या."

वर बघितलं न्हाई. "नगं."

"कावून नगं?"

"नगं म्हणलं की नगं. चंद्रकलाच ऱ्हाईल."

"मंग ओटी बी चंद्रकलेकडूनच भरून घ्या," म्हणले आन् आत गेले.

अक्का, मी हट्टाला पेटले. ओटी भरल्याबगर बोट पाण्यात जात न्हाई, आन् ओटी घरच्याच सवाष्णीनं भरायची. घरची सवाष्ण म्हंजे मी. धाकल्या दिराला बायकोच न्हाई, त्यांनी लग्नच केलं न्हाई. सासूबाई कवाच्या गेल्या. एवढ्या वरसात पहिल्यांदा ह्या घरात माझ्यावाचून काहीतरी अडलं होतं. मी कशाला सोडती?

नवी बोट काठावर पडली. तिच्या सावलीत कुत्री झोपायली, शेजारणीची कोंबडी तीत अंडी घालायली. जुनी होडी गळतच होती. माणसं डब्यानं पाणी उपसत पैलतीर गाठायली. बाजारच्या दिवशी बाया वरडायच्या, "काकू, भरा की वो ओटी, आमची लुगडी भिजायलीत!" मी म्हणायची, "भिजू द्या. चंद्रकला लई शहाणी हाय, वाळवून देईल."

नाव रंगवायला केजहून पेंटर आलता. दोन दिवस रिकामा बसून चहा प्यायला. मंग म्हणतो कसा, "काकू, तुमचं भांडण मिटंपर्यंत हीरॉइनचं नाव टाकू का? पुसता येतंय."

"तुझ्या आईचं टाक," म्हणले मी. गेला डबे उचलून.

शेवटाला मालकानं बाजारात जाऊन मंगलला टेलिफोन लावला. तुझी लेक मुंबईला दिलीय, जावई गोदीत कामाला. दोघं आले. जावई गुणाचं पोरगं, पण त्याला समजावून सांगायची लई हौस. माझ्यापुढं बसला आन् म्हणाला, "आई, हे फक्त आपल्याकडंच न्हाई. समुद्रावरच्या मोठमोठ्या जहाजांना बी साहेब लोक बाईच म्हणतेत. ती आली, ती लागली, ती उद्या सुटणार. विलायतेपासूनची रीत हाय."

मी म्हणले, "कावून? तिथल्या साहेबांच्या बी थोरल्या मेल्या व्हय?"

जावयानं बशीतला चहा अंगावर सांडला. हसून हसून म्हणला, "एक रशियाचं जहाज आलतं आई, त्याचे खलाशी मात्र जहाजाला बाप्या समजायचे. तो आला, तो गेला."

"त्या देशात दिली असती मला तं बरं झालं असतं," म्हणले. मंग इचारलं, "पण बाईच कावून म्हणायचं?"

तो जरा इचार करून म्हणला, "दर्यावर माणसाला दुसरं कोण असतं आई, संभाळणारं?"

"आन् काठावर जी संभाळती, तिला काय म्हणतेत?"

जावयानं रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

जेवताना मालकानं इषय काढला. मंगलला म्हणले, "बाई, तू भर ओटी. तू बी घरचीच लेक हायेस. आन् तुझ्याच आईचं नाव हाय."

मंगलनं हातातला घास ताटात ठेवला. "कुणाच्या आईचं? माझी आई ही काय चुलीपाशी बसलीय, ठसका लागून. तिच्या मनाइरुद्ध मी भरायची न्हाई. कुजू द्या ती बोट."

"फायबर कुजत न्हाई," मालक म्हणले.

"मंग बसू द्या तशीच!"

अक्का, तुला वाईट वाटलं आसंल. वाटू दे. एवढ्या वरसात तेवढ्या एका गोष्टीत मी जिंकले, तेवढं तरी मला घेऊ दे. तुझं दूध तिनं पेलं, पण "आई" कुणाला म्हणायचं ते तिनं ठरवलं.

पण खरं सांगू? जिंकून बी मला गोड लागलं न्हाई. कावून की ती रागानं बोलायली तवा तिचं नाक फुललं, आन् ते नाक तुझं हाय. चाफेकळी. मला वाटलं, तूच माझ्या बाजूनं बोलायलीस. तसली मदत मला नगं होती.

दुसऱ्या दिशी सकाळी भाकरी घिऊन काठावर गेले. मालक जुन्या होडीत बसून पाणी उपसायलते. माझ्याकडं पाठ करूनच बोलले.

"भोईबाबानं सांगितलेलं हाय. पाण्यावर जित्या माणसाचं नाव टाकू न्हाई. पाणी नाव वळखून ठेवतं. उद्या बोट फुटली, बुडाली, तं पाणी त्या नावाच्या माणसाला..." डबाभर पाणी बाहेर फेकलं. मंग म्हणले, "जे नाव त्यानं नेलंय तेच त्याला द्यायचं. त्या नावाचं ते आता काय करणार?"

मी भाकरीचं फडकं काठावर ठेवलं.

"मंग इतकी वरसं सांगितलं कावून न्हाई?"

"तू इचारलंस कवा? तू भांडलीस."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तं तिथंच इरघळली असती. नवरा आपलं नाव पाण्यापासून लपवून ठेवतोय म्हणल्यावर बाईला काय पायजे अजून? पण मी मी हाय. मला आधी राग आला. म्हंजे बोटीवर नाव पायजे तं आधी मरावं लागतंय व्हय? तू मेलीस म्हणून तुझं नाव दिवसभर साऱ्या मुलखाच्या तोंडात, आन् मी जिती हाय म्हणून माझं नाव पेटीत बंद! जगल्याचं हे बक्षीस?

मी म्हणले, "भरते ओटी. दसऱ्याला काढा बोट. पण तिच्या कानात काय सांगायचं ते मी बघीन."

ते गर्रकन वळले. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "असलं काही करू नगंस."

"भिताव कशाला? पाण्याला काय ऐकू येतंय?"

काल आपट्याची पानं वाटून झाल्यावर सगळं गाव काठावर आलं. मी हिरवं लुगडं नेसले. गहू, खण, नारळ, हळकुंडं, सगळं ताटात घेतलं. बोट गोल ओंडक्यांवर ठेवलेली, मागं दोर धरून मालक, धाकले दीर आन् गावातले बापे. पेंटर बी आलता, ब्रश घिऊन, कुणाचं नाव लिव्हायचं ते बघत.

मी बोटीच्या नाकापुढं जाऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. हळदीकुंकू लावलं. ओटी भरली. मंग पदर सावरून वाकले आन् तोंड तिच्या नाकाजवळ नेलं. खोटं बोलणार न्हाई, अक्का. माझं स्वतःचं नाव जिभंच्या शेंड्यावर होतं. आईनं ठेवलेलं. मी म्हणले, होऊ दे काय व्हायचं ते, एकदा तरी ह्या पाण्याला कळू दे की मी बी हाय.

तेवढ्यात खालचा ओंडका निसटला. बोट धाडकन पुढं आली, माझा पदर तिच्या कडीत अडकला आन् मी तिच्यासंगं पाण्यात. डोकं खाली, पाय वर. नाकातोंडात पाणी, कानात पाणी. आन् त्या पाण्यातून मला ऐकू आलं.

"कौसाऽऽ! कौसाऽऽ!"

कौसा म्हंजे मी गं. कौसल्येची कौसा. नांदूरघाटला आई मला दारातून हाक मारायची, ते नाव. ते ह्यांना ठाव हाय, हेच मला ठाव नव्हतं.

मी पाय टेकवले आन् उभी राहिले. पाणी कमरंएवढं! म्हैस बसत न्हाई तेवढ्या पाण्यात मी बुडायले होते. समोर मालक, छातीपर्यंत भिजलेले, टोपी वाहून गेलेली. डोळे असे की मी कधी बघितले न्हाईत. दोर सोडून उडी टाकलती त्यांनी.

"काय वरडायलाव?" मी म्हणले. "जिती हाय मी."

काठावर नुसता धिंगाणा.

"आगं बया! दादानं बायकोचं नाव घेतलं!"

"साखर वाटा रं, साखर!"

"दादा, उखाणा ऱ्हायला की वो!"

मी बी हसायले. माझं नाव साऱ्या गावापुढं, दोनदा! मालक हसले न्हाईत. माझा पदर कडीतून सोडवायला गेले तं गाठ उलट आवळूनच बसली. शेवटाला मीच सोडवली.

धाकले दीर बी हसले न्हाईत. मला हाताला धरून काठाकडं घेताना हळूच म्हणले, "वैनी, दादाचा असला आवाज म्या एकदाच ऐकलाय."

"कवा?"

"काहिलीची कड धरून पोहायलतो तवा. 'चंद्रा, चंद्रा' करून लई येळ वरडला. थोरल्या वैनीनं ओ दिली न्हाई. तवापासून त्यानं जित्या बाईला नावानं हाक मारलीच न्हाई. मंगलला बी 'बाई' म्हणतो, बघा."

माझं हसू जिथल्या तिथं राहिलं.

मला एवढी वरसं वाटायचं, हाक तुझ्या वाट्याला आली आन् माझ्या वाट्याला "आगं". "आगं" म्हणल्यावर ओ न्हाई आली तरी माणूस म्हणू शकतो, ऐकलं नसंल. पण नाव घिऊन हाक मारली आन् ओ न्हाई आली, तं काय म्हणायचं? होडीला ते शंभरदा हाक मारतेत, कावून की होडी काठाला येती. तू आली न्हाईस.

तू ऐकलं होतंस का गं, अक्का? त्या काहिलीत, आभाळाकडं तोंड करून निजली होतीस तवा? का तुझ्या बी कानात तवर पाणी भरलं होतं? मला हे कळायला पायजे. पण तू कुठं सांगणार!

मी तशीच निथळत परत बोटीपाशी गेले. तिच्या नाकाला तोंड लावलं. मालक माझ्याकडं बघायले, कुडीत जीव न्हाई असे. मी नाव सांगितलं. "चंद्रकला." बारशात करतेत तसं "कुर्रर्र" केलं आन् तिच्या पाठीवर थाप मारली. थाप जरा जोरातच बसली. ती तुझ्या नावाची समज.

पेंटर म्हणला, "काकू, नक्की ना? मी लिव्हायलो."

"लिव्ह. झोकात लिव्ह. फुलं काढ बाजूनं."

इंजन सुरू झालं, बोट निघाली, बाया वरडल्या, "चंद्रकला निघाली गं!" मी काठावर उभी. तीच मी, तेच पाणी. ह्यावेळेस आपटायला धुणं नव्हतं.

माझी जळजळ गेली असं समजू नगंस हां. ती माझ्या बरोबरच जाईल. औंदा जुन्या होडीच्या सुटलेल्या फळ्यांतल्या काही बऱ्या निघाल्या, तं मालक म्हणले, चुलीत घालू न्हाई. मी म्हणले, न्हाई घालत. त्यातली एक फळी सुताराकडून तासून घेतली आन् पाट करून ठेवला होता. आज सकाळी पहिल्यांदा त्याच पाटावर बसून भाकरी थापल्या. तू गळ्यात लोंबत होतीस आन् मी तुझ्यावर बसले होते. कोपलीस तं कोप. पाट लई सोयीचा हाय.

आता जाता जाता एक सांगते, ते नीट ऐक.

सगळ्या सवाष्णी देवाकडं अहेव मरण मागतेत. हिरव्या चुड्यात, मळवट भरून, नवऱ्याच्या खांद्यावर. तुला ते मिळालं, त्याच्यावर बी मी जळले. वडाला सूत गुंडाळताना डोळे मिटून मी बी दरसाल तेच मागत आले. आता न्हाई मागणार. अक्का, तुझ्या टाकाला हात लावून बोलते, मी ह्या माणसाच्या आधी मरणार न्हाई. कपाळ मोकळं झालं तरी चालंल, कुण्या बोटीची ओटी भरायला मला कुणी बोलावलं न्हाई तरी चालंल. पण ह्या माणसाला पुन्हा एकदा पाण्याकडं तोंड करून बायकोच्या नावानं वरडायला लागलं, आन् पलीकडून ओ आली न्हाई, असं मी होऊ देणार न्हाई. ते हायेत तवर ओ द्यायला मी हाय. मी गेल्यावर बोटीवर काय लिव्हायचं ते मंगल बघंल. मला घाई न्हाई.

तवर बोट तुझी.

आता काठावरून आवाज यायलाय. "आगं ए" करायलेत. पुन्हा तेच! बघते काय म्हणतेत ते.

तुझी जिती सवत,
कौसा